बाण घरी बनवायचे की तयार घ्यायचे? आधी शाफ्टचं, म्हणजे बाणाच्या दांडीचं बोलू

प्रश्न असा आहे: आठ महिने क्लबचे बाण वापरून झाले, आता स्वतःचं ३४ पौंडांचं (म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारं) रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य घेतलंय. बाण घरी बनवले तर स्वस्त पडतील का? आणि तयार बाणांइतके चांगले होतील का?

स्वस्त पडणार नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण निम्मे लोक याच आशेने सुरुवात करतात. पिसं चिकटवायची जिग, शाफ्ट कापायचं साधन, बारीक वजनकाटा, दोन-तीन प्रकारचे गोंद, कापताना वाया गेलेले एक-दोन शाफ्ट आणि पिसांचं एक पाकीट, जे तुम्ही चुकीच्या बाजूचं मागवणार आहात (सगळेच मागवतात), एवढ्याचा हिशेब मांडला तर पहिला डझन तयार बाणांपेक्षा महाग पडतो. तिसऱ्या-चौथ्या डझनापासून गणित जमायला लागतं. तोवर तुम्ही दुसरी, जास्त चांगली जिग घेतलेली असते आणि हिशेब पुन्हा पहिल्या घरात.

चांगले होतील का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर देण्याआधी ‘बनवणं’ या शब्दाची फोड करावी लागेल, कारण त्यात दोन अगदी वेगळी कामं येतात. एक म्हणजे शाफ्टच तयार करणं: लाकूड फाडून, वाळवून, रंध्याने गोल करून. दुसरं म्हणजे तयार शाफ्ट आणून तो आपल्या मापाला कापणं, टोक आणि नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) बसवणं, पिसं लावणं. मी गेली बरीच वर्षं दोन्ही करतोय. माझं मत ठाम आहे: शाफ्ट विकत घ्या, बाकी सगळं स्वतः करा. शाफ्टच्या बाबतीत कारखाना तुम्हाला हरवतो, आणि जुळणीच्या बाबतीत तुम्ही कारखान्याला हरवता.

शाफ्टमध्ये कारखाना का जिंकतो, ते आधी सांगतो. बाण सुटला की सरळ जातो असं आपण म्हणतो, पण संथ गतीचं चित्रण पाहिलंत तर तो पहिले काही मीटर माशासारखा वळवळत जाताना दिसेल. बोटांवरून सुटताना दोरी किंचित बाजूला सरकते, मागून जोर येतो, पुढे टोकाचं वजन अडून बसलेलं असतं, त्यामुळे शाफ्ट वाकतो आणि वाकत-सरळ होत धनुष्याच्या मुठीला वळसा घालून निघतो. किती वाकायचं, हे शाफ्टच्या ताठपणावर ठरतं. त्यालाच स्पाइन म्हणतात. एकाच भात्यातल्या बारा बाणांचा स्पाइन बारा प्रकारचा असेल तर तुमचा नेम कितीही पक्का असो, बाण एका जागी पडणार नाहीत.

स्पाइन मोजायची पद्धत साधी आहे. कार्बन किंवा अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि तो किती खाली झुकतो ते पाहायचं. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर झुकला तर स्पाइन ५००. आकडा जितका मोठा तितका शाफ्ट लवचिक. नवखे लोक इथे हमखास उलटं समजतात. लाकडाची जुनी पद्धत वेगळी आहे: आधारांमधलं अंतर २६ इंच, वजन २ पौंड, आणि २६ ला इंचातल्या झुकावाने भागलं की उत्तर पौंडात मिळतं. ०.६५ इंच झुकला तर ४० पौंड.

आता या पद्धतीने ४० आणि ४५ पौंडांच्या शाफ्टमधला फरक काढून पाहा. एक साडेसोळा मिलिमीटर झुकतो, दुसरा साधारण पावणेपंधरा. दोन मिलिमीटरसुद्धा नाही! रंध्याचा हात एकदा जास्त फिरला की एवढा फरक सहज पडतो. त्यात लाकूड म्हणजे लाकूडच: एकाच फळीतल्या शेजारच्या दोन पट्ट्या एकसारख्या निघतील याची खात्री नसते.

माझा पहिला घरगुती डझन मी पूर्णपणे लाकडातून काढला होता. दिसायला देखणे होते. पट्टे रंगवलेले, वार्निश चकचकीत. वजनकाट्यावर ठेवले तेव्हा सर्वांत हलका आणि सर्वांत जड यांच्यात साडेचार ग्रॅमचा फरक निघाला. साडेचार ग्रॅम म्हणजे काय, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. पण अख्खा बाणच २६-२७ ग्रॅमचा असताना तो फरक १८ मीटरवर चार बोटं आणि ३० मीटरवर वीतभर खाली दिसतो. त्या बारांपैकी एकमेकांशी जुळणारे चार निघाले. चार. दोन महिन्यांची संध्याकाळची मेहनत आणि भात्यात चार बाण.

हे दुखणं जुनं आहे. डग ईस्टन १९२२ पासून लाकडी धनुष्यबाण बनवत होते आणि या कामात त्यांचा हात मुरलेला होता, तरी लाकडाच्या याच बेभरवशी स्वभावाला कंटाळून १९३९ मध्ये ते अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांकडे वळले. अ‍ॅल्युमिनियमच्या शाफ्टवर चार आकडे असतात तेही यानिमित्ताने सांगतो. १७१६ म्हणजे बाहेरचा व्यास १७/६४ इंच आणि नळीची जाडी १६/१००० इंच. एवढं अचूक माप ज्याच्यावर छापता येतं, त्या वस्तूशी घरच्या रंध्याने स्पर्धा करू नये.

पण इथे एक मेख आहे. तयार बाण घेता तेव्हा हा चांगला शाफ्ट कोणा अदृश्य, सरासरी तिरंदाजासाठी कापलेला असतो. लांबी ठरलेली, टोकाचं वजन ठरलेलं, पिसांचा आकार ठरलेला. तुमचा हात किती लांब, तुम्ही दोरी हनुवटीपर्यंत ओढता की गालापर्यंत, ३४ पौंड म्हणून घेतलेलं धनुष्य तुमच्या ओढीला प्रत्यक्ष किती भरतं, यातलं काहीच त्याला माहीत नाही. धनुष्यावर लिहिलेला आकडा सहसा २८ इंच ओढीचा असतो. तुमची ओढ २६ असेल तर बोटांवर तेवढे पौंड येतच नाहीत, आणि मग स्पाइनच्या तक्त्यात ३४ पौंड पाहून घेतलेला बाण तुमच्यासाठी जास्त ताठ ठरतो.

जुळणी स्वतः केली की हा सगळा ताबा तुमच्याकडे येतो. शाफ्ट लांब ठेवला की तो सुटताना जास्त वाकतो, कापला की ताठ होतो. टोक जड घेतलं की जास्त वाकतो, हलकं घेतलं की कमी. म्हणजे एकाच स्पाइनचा शाफ्ट तुम्ही थोडा इकडे-तिकडे सरकवू शकता. हे तपासायची पद्धत अशी: चार बाणांना पिसं लावा, दोन बिनपिसांचे ठेवा, बाकी सगळं तंतोतंत सारखं. १८ मीटरवरून सहाही सोडा. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे पडले तर शाफ्ट ताठ, उजवीकडे पडले तर मऊ. डावखुऱ्यांनी उलटं समजावं. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका, किमान पाच-सहा फेऱ्या करा आणि वाईट सुटलेले बाण मनातल्या मनात वगळा. मऊ निघाला तर पाव-पाव इंच कापत जा. ताठ निघाला तर जड टोक लावा. कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणून सुरुवात नेहमी लांब शाफ्टने. दुकानातून पिसं लावून आलेल्या, मापात कापलेल्या बाणावर यातलं निम्मं करताच येत नाही.

कापण्याबद्दल दोन शब्द, कारण इथेच लोक स्वतःला इजा करून घेतात. कार्बन शाफ्ट करवतीने किंवा पाइप कटरने कापायचा नाही, धागे फाटतात. वेगाने फिरणारं घासणारं चाक लागतं. कापताना मास्क हवाच, ती काळी भुकटी फुप्फुसात जाणं चांगलं नाही. ओल्या फडक्याने भुकटी पुसून घ्या, फुंकू नका. मी पहिल्यांदा फुंकली होती, संध्याकाळभर डोळे चोळत बसलो. कापलेलं तोंड अगदी काटकोनात आहे ना ते बघा. तिरकं राहिलं तर टोकही तिरकं बसतं आणि बाण बोटांवर गरागरा फिरवला की टोक थरथरताना दिसतं.

लांबी किती ठेवायची? नवीन तिरंदाजाने पूर्ण ओढल्यावर बाण रेस्टच्या (मुठीवर बाण टेकवायच्या आधाराच्या) पुढे किमान एक ते दोन इंच राहील एवढी. हा नियम बाण धनुष्याशी जुळवण्यासाठी नाही, हात वाचवण्यासाठी आहे. बाण आखूड पडून रेस्टच्या मागे घसरला आणि तशात सुटला, तर तो धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. आठ महिन्यांत तुमची ओढ पूर्ण स्थिरावलेली नसेल. खांदा खाली उतरायला आणि पाठ कामाला लागायला वेळ लागतो, आणि ते झालं की ओढ अर्धा-पाऊण इंच सहज वाढते.

टोक बसवताना हॉट मेल्ट, म्हणजे गरम करून वितळवायचा गोंद वापरा, तोही कमी तापमानाचा. उष्णता टोकाच्या दांड्याला द्यायची, कार्बनला नाही. चिकटवताना टोक हळूहळू फिरवत आत सरकवलं की गोंद सगळीकडे पसरतो. पुढेमागे वजन बदलावंसं वाटलं तर टोक गरम करून काढता येतं. इपॉक्सीने पक्कं करून टाकलं की तो रस्ता बंद.

आता पिसं. या कामात मला सगळ्यांत जास्त आनंद मिळतो, म्हणून थोडं रेंगाळतो. टर्कीच्या पंखाचं पीस हातात घेऊन उजेडाकडे धरा. एका बाजूला ते नैसर्गिकरीत्या झुकलेलं असतं. डाव्या पंखाचं एका बाजूला, उजव्या पंखाचं दुसऱ्या. एका बाणावर, खरं तर एका भात्यात, दोन्हींची सरमिसळ करायची नाही. डावं की उजवं, यातलं काय चांगलं याची चर्चा लोक तासन्‌तास करतात. माझ्या अनुभवात दोन्ही सारखीच चालतात, फक्त तुमच्या जिगची पकड त्याच बाजूच्या पिळाची हवी. म्हणूनच वर म्हटलं, पहिलं पाकीट चुकीचं येतं.

शाफ्टचा मागचा भाग स्पिरिटने पुसा आणि मग तिथे बोट लावू नका. बोटाचं तेल हा गोंदाचा सगळ्यांत मोठा शत्रू आहे. पीस पकडीत बसवताना त्याची मागची कड प्रत्येक वेळी एकाच खुणेवर आणा. नॉकपासून साधारण एक इंच पुढे, म्हणजे बोटं पिसाला लागत नाहीत. गोंदाची रेघ केसासारखी बारीक. जास्त झाला तर तो पकडीखाली पसरतो, आणि पकड उचलताना ‘चर्र’ असा आवाज आला की समजा, पीस तिच्यासोबत वर आलं. पीस चिकटलं की पुढच्या आणि मागच्या टोकाला गोंदाचा एकेक थेंब द्या. पुढचा थेंब विसरलात तर बाण फडीतून (बाण रुततात त्या निशाण्यातून) उपसून काढताना पीस तिथूनच उचकटायला लागतं. मग जिगचा खटका फिरवून १२० अंशांवर दुसरं, मग तिसरं. वेगळ्या रंगाचं पीस दोरीला काटकोनात, मुठीपासून बाहेरच्या बाजूला यायला हवं.

हळू वाळणारा गोंद घेतलात आणि प्रत्येक पिसाला १५ मिनिटं दिलीत, तर ३६ पिसांना ९ तास लागतात. इन्स्टंट ग्लूने हे काम तासा-दीड तासात उरकतं. मी दुसरा वापरतो, पण रेडिओ लावून निवांत बसायचं असेल तर पहिला.

पिसं की प्लास्टिकच्या व्हेन? बाण धनुष्याच्या लाकडावरून, रेस्टशिवाय सोडत असाल तर पिसंच, कारण ती घासली की दबतात आणि पुन्हा उभी राहतात. प्लास्टिक धक्का देतं. तुमच्या रिकर्व्हला रेस्ट असेल तर व्हेन चालतील, पावसात त्या भिजून लोळागोळाही होत नाहीत.

नॉककडे कोणी बघत नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. बाण दोरीला अडकवून टोक जमिनीकडे करून सोडा. तो लटकून राहायला हवा, आणि दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारली की पडायला हवा. पडत नसेल तर नॉक घट्ट आहे. आपोआप गळत असेल तर तो बाण वापरूच नका: दोरी ओढताना नॉक निसटला तर धनुष्य रिकामं सुटतं आणि त्याचे लिंब (मुठीच्या वर-खालचे वाकणारे भाग) तडकू शकतात.

लाकडी बाणांची गोष्ट वेगळी. कोणाला लाँगबो, म्हणजे जुन्या पद्धतीचं लांब धनुष्यच चालवायचं असेल, तर वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या लाँगबो गटात बाण लाकडीच लागतात आणि पिसंही नैसर्गिक. तिथेसुद्धा मी स्पाइन आणि वजन जुळवलेले तयार लाकडी शाफ्ट घ्यायला सांगतो, पोर्ट ऑरफर्ड सीडरचे किंवा स्प्रूसचे. मग टोकाकडे ५ अंशांची आणि नॉककडे ११ अंशांची निमुळती धार काढायची. त्यासाठी पेन्सिलच्या शार्पनरसारखं साधन मिळतं. नॉक लावताना शाफ्टच्या तोंडावर लाकडाच्या वाढीच्या रेषा दिसतील. नॉकची खाच त्या रेषांना काटकोनात यायला हवी. अशाने मुठीकडे शाफ्टची ताठ बाजू येते आणि खाच चिरण्याचा धोका कमी होतो. स्पाइनही त्याच बाजूने मोजायचा. आणि प्रत्येक सरावाआधी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहायचं. लाकूड हवेतली ओल पितं, काल सरळ असलेला बाण आज वाकडा असू शकतो. वाकला असेल तर तळहाताने दाब देत, चोळत सरळ करायचा. हे हाताला सवयीने येतं, लिहून शिकवता येत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. सुतारकामाच्या सामानात मिळणारे गोल लाकडी डोवेल आणून त्यांचे बाण करू नका. ते दिसतात छान, पण त्यांच्यात रेषा बऱ्याचदा तिरक्या जातात, एका बाजूने आत शिरून मध्येच दुसरीकडून बाहेर पडतात. असा शाफ्ट सुटतानाच त्या तिरक्या रेषेवर तुटतो आणि मागचा भाल्यासारखा अर्धा भाग पुढच्या हातात जातो. शाफ्ट स्वतः बनवायचाच असेल तर लाकूड कापून नाही, फाडून घ्या, म्हणजे रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. मग चौकोनी पट्टी, तिची अष्टकोनी, मग गोल. वेळ आणि धीर असेल तर जरूर करा. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या, ५,००० वर्षांहून जुन्या माणसाच्या भात्यात १४ शाफ्ट होते आणि त्यातले पूर्ण झालेले फक्त २. माझ्या टेबलावरही साधारण हेच प्रमाण असतं, त्यामुळे मला त्याच्याबद्दल आपुलकी आहे.

कार्बनची एक सवय आजपासूनच लावून घ्या, बाण तयार असोत की घरचे. फडीवर दुसऱ्या बाणाला घासलेला किंवा कडेला आपटलेला बाण पुन्हा लावण्याआधी दोन्ही हातांनी धरून, तोंडापासून लांब, हलकासा वाकवा, फिरवून पुन्हा वाकवा आणि कान द्या. करकर ऐकू आली, किंवा शाफ्टवरून कापूस फिरवल्यावर तो कुठे अडकला, तर तिथल्या तिथे मोडून फेकून द्या. ‘सरावापुरता ठेवू’ म्हणून ठेवलेला असा बाण मनगटात कार्बनची कुसं सोडून जातो.

तुमच्यासाठी मी काय करेन? अजून सहा महिने तयार, साधे, थोडे लांबच असलेले सहा बाण वापरा. अ‍ॅल्युमिनियमचे असले तरी हरकत नाही. या काळात ओढ स्थिरावेल, कदाचित तुम्ही ३८ पौंडांकडे जाल, आणि पौंड बदलले की स्पाइनही बदलतो. आत्ताच महागडे शाफ्ट कापून बसलात तर ते वाया जातील. मध्यंतरी फक्त जिग घ्या आणि याच सहा बाणांची पिसं काढून पुन्हा लावत राहा. हात बसेल, आणि चूक झाली तरी शाफ्ट शाबूत.

मग एकाच लॉटचे बारा शाफ्ट मागवा. आले की प्रत्येकाचं वजन करून शाफ्टवर मार्करने लिहा, १ ते १२ क्रमांक टाका. आठ पूर्ण करा, दोन बिनपिसांचे ठेवा, दोन न कापता कपाटात. वर्षभराने बाण तुटतील तेव्हा त्याच लॉटचे शाफ्ट बाजारात मिळतीलच असं नाही. स्पर्धेला जायचं असेल तर प्रत्येक बाणावर नाव किंवा आद्याक्षरं घाला, एका फेरीतल्या सगळ्या बाणांची पिसं आणि नॉक एकाच रंगाचे ठेवा, आणि व्यास ९.३ मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. क्रमांकांची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. माझा ७ नंबरचा बाण तीन आठवडे सातत्याने उजवीकडे खाली पडत होता आणि मी स्वतःचा खांदा, बोटं, श्वास सगळं बदलून पाहिलं. वहीत नोंद दिसली म्हणून बाण तपासला. नॉकला केसाएवढी चीर होती.